उतेकरबाईंच्या चिठ्ठ्या

गेल्या महिन्यात आमच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत एका नव्या शिक्षिकेने उतेकरबाईंचं नाव काढलं. "किती छान शिकवायच्या ना त्या? तुम्ही तर त्यांच्याबरोबर होतात." मी मान हलवली आणि चहाचा कप उचलला. छान! पोलादपूरच्या वर, डोंगराच्या कुशीतल्या एका वाडीवर मी उतेकरबाईंबरोबर चार वर्षं शाळा केली. त्यातली साडेतीन वर्षं मी त्यांच्यावर वैतागलेलो होतो आणि उरलेले सहा महिने त्या माझ्यावर. छान वगैरे म्हणायला मधे वेळच मिळाला नाही.

शाळा दोन खोल्यांची. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी बाईंकडे. पोरं सगळी मिळून तेवीस. बाई माझ्याहून बारा वर्षांनी मोठ्या, म्हणजे मुख्याध्यापकपदाचा प्रभार त्यांच्याकडे हवा होता. त्यांनी तो लेखी नाकारला. मी रुजू झालो त्याच दिवशी कपाटाच्या किल्ल्या माझ्या हातात ठेवून म्हणाल्या, "कागद तुम्ही बघा, सर. माझ्याच्याने ते होत नाही." मला तेव्हा तो मान वाटला. पुढे कळलं, कागद म्हणजे बाईंनी जे केलं त्याचा खुलासा, आणि बाईंनी जे केलं नाही त्याचाही खुलासा.

बाई महाडजवळच्या नाते गावच्या. ठेंगण्या, कृश, साडीचा पदर कायम कमरेला खोचलेला, उजव्या कोपराला खडू. खांद्यावर कापडी पिशवी, तिच्यात कात्री, खळ, सुतळी आणि जुन्या कॅलेंडरांची पानं. वाडीतल्या प्रत्येक घरातून, पोलादपूरच्या दुकानांतून त्या कॅलेंडरं मागून आणायच्या. जानेवारीत आमचं ऑफिस रद्दीच्या दुकानासारखं दिसायचं. खुर्चीवर त्यांना मी कधी बसलेलं पाहिलं नाही. वर्गात जमिनीवर, ऑफिसातही जमिनीवर. काही विचारायचं तर मला तरी उकिडवं बसावं लागे किंवा वरून बोलावं लागे, आणि वरून बोललं की आपणच उद्धट वाटतो.

आणि एक सवय. तुम्ही काहीही नवं घेऊन जा, त्या वर बघून विचारायच्या, "कोणासाठी?"

दुसऱ्या वर्षी मी दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्या वर्गाची मागची भिंत रंगवली. माझं अक्षर चांगलं आहे, हे मी म्हणत नाही, तालुका म्हणतो. बाराखडी, पाढे, ऋतू, महिने, सगळं चार रंगांत. सुट्टीनंतर बाई आल्या, कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. मी कौतुकाची वाट बघत उभा.

"सुंदर. कोणासाठी?"

"म्हणजे? मुलांसाठी."

"मग इथे बसा." त्यांनी मला खिडकीजवळच्या कोपऱ्यात मांडी घालून बसवलं. "इथे सानिका बसते. वाचा."

बाहेरचा उजेड भिंतीवर असा पडला होता की ऑइलपेंट नुसता चकाकत होता. पाढे तर इतके वर की मान दुखायला लागली. मी म्हटलं, "सानिकाला दुसरीकडे बसवा."

"आणि तिथे कोणाला बसवू?"

दोन दिवस मी घासत होतो. मग तीच भिंत पुन्हा रंगवली, गुडघ्याच्या उंचीवर, चकाकी नसलेल्या रंगाने, मोठ्या अक्षरांत. पोटावर पडून लिहायचं म्हणजे काय असतं, ते मला विचारा. बाई अधूनमधून येऊन म्हणायच्या, "ळ जरा मोठा काढा, सर. तो सगळ्यांना नडतो."

पुढच्या वर्षी बाईंनी चिठ्ठ्या सुरू केल्या. कॅलेंडरच्या पानांचे तुकडे, त्यांना तीन रंगांच्या किनारी. गुलाबी चिठ्ठी पटापट पुढे जाणाऱ्यांना, पांढरी मधल्यांना, पिवळी अडणाऱ्यांना. धडा एकच, काम मात्र ज्याच्या त्याच्या ताकदीचं. पावसावरचा धडा असेल तर गुलाबीवर 'पाऊस पडला नाही तर वाडीत काय काय होईल, लिहा', आणि पिवळीवर ढगाचं चित्र नि खाली दोन शब्द जुळवायचे. मला हे एकदम पटलं. प्रशिक्षणात हेच तर सांगत होते. मूल बघा, मग काम द्या. मी फोटो काढले, अहवाल लिहिला, वर पाठवला, वरून शाबासकीही आली. बाईंबरोबरच्या चार वर्षांत मला समाधानाचे असे दोन महिने मिळाले.

त्याच सुमारास दर्शना आमच्याकडे आली. वडिलांची मुंबईतली कंपनी बंद पडली आणि घर वाडीवर परतलं. तिसरीत होती. तोंडाने चुरूचुरू, निम्मं हिंदी, निम्मं आमच्याकडचं. "मेरेकू ते नको, मना दुसरं दे." कोणाची शेळी कधी विणार, हे तिला आठवड्यात पाठ. पण पुस्तक उघडलं की अक्षरं तिच्यासमोर जागा बदलायची. 'कप'चं 'पक', 'मदत'चं 'दमत'. एका ओळीवरून नजर दुसऱ्या ओळीवर घसरायची. तिला अर्थातच पिवळी चिठ्ठी. रोज पिवळी.

एक दिवस मधल्या सुट्टीनंतर दर्शना वर्गात नव्हती. पाण्याच्या टाकीमागे सापडली. गुडघे पोटाशी घेऊन बसली होती आणि काहीतरी चावत होती.

बाई तिच्यासमोर खाली बसल्या. "काय खातेस गो?"

दर्शना चावतच राहिली.

"चिठ्ठी कुठाय तुझी?"

दर्शनाने गिळलं. "खाल्ली."

"का गो बाय?"

"सगली मना पिवली बोलतात. पिवली आली, पिवली गेली. मी पिवली हाय ना? मंग खाल्ली पिवली."

 बाईंनी तिला उठवून तोंड धुवायला लावलं, पाणी पाजलं, वर्गात नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या खिचडी शिजवणाऱ्या वंदनाताई चुलीपाशी बसल्या होत्या, तर बाईंनी चिठ्ठ्यांचा सगळा गठ्ठा त्यांच्यापुढे ठेवला. "सरपणाला घ्या." दोन महिन्यांचं काम! मी धावत गेलो.

"बाई, मी अहवाल पाठवलाय. फोटोसकट! लोक बघायला येणार आहेत."

"मग त्यांना खिचडी वाढा."

माझ्या डोक्यात त्या दिवशी जे आलं ते इथे लिहीत नाही.

त्यानंतर बाईंनी उलटं टोक गाठलं. चिठ्ठ्या बंद, रंग बंद. वर्गाच्या मधोमध एक चटई, आणि तिच्यावर त्या दिवसाच्या धड्याचं सगळं मांडलेलं. मोठ्या अक्षरांत लिहिलेला उतारा, चित्रं, चिंचोके, माती, मापं, आणि बाईंच्या फोनवर त्यांच्याच आवाजात वाचलेला धडा. ज्याला ऐकून कळतं त्याने ऐकावं, ज्याला हाताळून कळतं त्याने हाताळावं. उत्तर लिहून द्या, सांगा, चित्र काढा, करून दाखवा. सगळं सगळ्यांना खुलं. कोणाला वेगळं काढायचंच नाही.

पहिला आठवडा भयंकर होता. फोनवर नऊ जण तुटून पडले. तिसरीतला प्रणव, वर्गातला सगळ्यात हुशार मुलगा, तीन दिवस मातीचे बैल करत बसला, कारण लिहायला कोणी सांगत नव्हतं. शेजारच्या खोलीत माझी पहिली-दुसरी दाराशी जाऊन उभी. शेवटी मी आत शिरलो.

"बाई, बाजार झालाय हा."

"दिसतंय मला," बाई चटईवरून ओरडल्या. "ओरडू नका."

त्या स्वतःवर वैतागलेल्या असल्या की फार कामाच्या असायच्या, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. पुढच्या सोमवारपासून चटई तीच, सामान तेच, सगळं सगळ्यांना खुलंच. पण पोरं एकदा कामाला लागली की बाई गुडघ्यांवर सरकत एकेकाजवळ जायच्या आणि कानात काहीतरी सांगायच्या. प्रणवला म्हणाल्या, "बैल झाले. आता हा बैल विकायचाय, त्याची जाहिरात लिही. दहा ओळी. मला विचारायला येऊ नको." सानिकाला उतारा अर्धाच दिला. दर्शनाला आधी फोनवर धडा ऐकवला, मग पुठ्ठ्याचा एक तुकडा दिला. पुठ्ठ्याला मधे एका ओळीइतकी फट. तो पानावर ठेवला की एकच ओळ दिसते, बाकीच्या झाकल्या जातात. पोरांनी त्याला 'खिडकी' म्हणायला सुरुवात केली.

दोन दिवसांत चार पोरं खिडकी मागायला लागली. प्रणवसुद्धा. बाईंनी वर्गातल्या तेराच्या तेरा जणांना खिडक्या कापून दिल्या. दर्शनाची खिडकी आता वेगळी राहिली नाही. शुक्रवारी ती पहिल्यांदा तीन ओळी सलग वाचून गेली. बाईंनी मला हाक मारून बोलावलं आणि मी येईपर्यंत तिला चौथी ओळ वाचू दिली नाही. "थांब गो, सरांना ऐकू दे." मी ऐकलं. मग माझ्या वर्गात दोघांचं भांडण लागलं म्हणून परत धावलो.

त्या हिवाळ्यात महाडला प्रशिक्षण होतं. विषय नेमका हाच. एका मोठ्या हॉलमध्ये आम्ही साठेक शिक्षक, पुढे पडद्यावर तक्ते. शिकवायला आलेला तरुण मनापासून सांगत होता. एक पद्धत अशी, की धडा आखतानाच सगळ्या मुलांचा विचार करायचा, म्हणजे मागून कोणासाठी ठिगळ लावावं लागत नाही. दुसरी अशी, की प्रत्येक मूल कुठे आहे ते बघून त्याला वेगळं काम द्यायचं. पहिल्या पद्धतीसाठी प्रपत्र अ, दुसऱ्या पद्धतीसाठी प्रपत्र ब. शाळेने कुठलं तरी एक भरून द्यायचं.

बाईंनी हात वर केला. मी त्यांचा पदर ओढला. उपयोग झाला नाही.

"मी पहिलं नुसतं ब केलं," बाई उभ्या राहून म्हणाल्या. "पोरीने कागद खाल्ला. मग नुसतं अ केलं, तर हुशार पोरगा तीन दिवस मातीत खेळला. आता दोन्ही एकत्र करते, ते बरं चाललंय. ते कुठल्या प्रपत्रात लिहू?"

हॉल हसला. तरुणही हसला, पण गोंधळला. "मॅडम, या दोन वेगळ्या संकल्पना आहेत."

"वर्ग एकच आहे ना पण."

"तुम्ही... दोन्ही प्रपत्रं भरा."

"सर भरतील," म्हणून बाई खाली बसल्या. साठ माना माझ्याकडे वळल्या.

संध्याकाळी मी एसटी स्टँडवर जायची घाई करत होतो. तर तो तरुण जिन्यात बाईंना गाठून विचारत होता, "कागद खाल्ला म्हणजे काय, मॅडम?" बाई पायरीवर बसल्या. तोही शेजारी बसला. वहीत लिहून घेत होता. अर्धा तास. आमची गाडी गेली, पुढची दीड तासाने. बाईंनी शेंगा घेतल्या आणि मला पुडी पुढे करून म्हणाल्या, "पोरगा चांगला आहे. त्याला कोणी वर्ग दिला पाहिजे."

तपासणी आली तेव्हा दर्शना चौथीत होती. तालुक्याहून एक साहेब आले. प्रत्येक मुलाने नवा उतारा एका मिनिटात वाचायचा, तक्त्यात खूण करायची. प्रणवने वाचला, इतरांनी वाचला. दर्शनाची पाळी आली तेव्हा तिने खिडकी काढली आणि पानावर ठेवली.

"हे काय? साहित्य चालणार नाही," साहेब म्हणाले.

"तिला त्याने वाचता येतं," बाई म्हणाल्या.

"मॅडम, नियम सगळ्यांना सारखा."

"तुम्ही चष्मा लावून वाचता की, साहेब. तो काढायला सांगितला तर?"

साहेबांना ते लागलं. त्यांनी पुठ्ठा उचलून बाजूला ठेवला. दर्शनाने वाचायला सुरुवात केली. पहिले तीन शब्द आले. मग नजर खालच्या ओळीवर घसरली, परत वर आली, अडखळली. ती हसली. दर्शना अडली की हसते, हे आम्हाला माहीत होतं. साहेबांना वाटलं, पोरगी थट्टेवारी नेतेय. त्यांनी तक्त्यात लिहिलं, 'वाचन येत नाही.'

बाईंनी तक्त्यावर हात ठेवला. अक्षरशः पंजा पसरून. "असं नका लिहू. 'या पद्धतीने येत नाही' लिहा. नाहीतर तिला दुसऱ्या पद्धतीने वाचू द्या, मग काय लिहायचं ते लिहा."

"तसा रकाना नाही."

"मग मी सही करणार नाही."

वंदनाताई दारात उभ्या. साहेब माझ्याकडे वळले. "मुख्याध्यापक, तुम्ही करा. वर्गशिक्षकाने नकार दिला अशी नोंद करू आपण."

आता मी काय सांगू? मी दमलो होतो. चार वर्षं मी त्यांचे खुलासे लिहीत होतो. एका सहीने हा दिवस संपणार होता. मी खाली बसलो, समोर पडलेलं पेन उचललं आणि सही केली. दर्शना माझ्याकडे बघत होती, साहेबांकडे नाही.

साहेबांची गाडी उतरून गेल्यावर बाई मला एवढंच म्हणाल्या, "सर, पेन तिचं होतं. तिला परत द्या."

पंधरा दिवसांत कारणे दाखवा नोटीस आली. बाईंनी चार पानी उत्तर लिहिलं. मी म्हटलं, एक पान पुरे, जरा सौम्य करू. त्यांनी विचारलं, "कोणासाठी?" मी चारही पानं पाठवली. त्यांना उत्तर आलं नाही. आला तो बदलीचा कागद, प्रशासकीय कारणास्तव, महाड तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला. निवृत्तीला तेव्हा त्यांची दोन वर्षं उरली होती. तो कागद येईपर्यंत आणि त्यानंतरही त्या माझ्याशी शाळेपुरतं बोलल्या. घंटा झाली, दाखला द्यायचाय, तेल संपलंय. मीही माफी मागितली नाही. चिडलेलाच होतो. माझी सही चुकली असेल, पण एवढं ताणायची गरज होती का? आजही मला त्याचं धड उत्तर देता येत नाही.

जाताना त्यांनी एक वही ठेवली. प्रत्येक मुलाला एक पान. दर्शनाच्या पानावर: 'सकाळी वाचायला लावू नका, जेवणानंतर वाचते. आधी ऐकवा, मग वाचू द्या. सगळ्यांसमोर एकटीला उभं करू नका. काय वाचायचं ते तिलाच निवडू द्या, पण फार सोपं निवडलं तर हळूच बदला.' नवे शिक्षक येईपर्यंत चारही इयत्ता माझ्या गळ्यात पडल्या. मी वही घेऊन जमिनीवर बसायला लागलो. गुडघे दुखायचे. रोज दुखायचे. चटई मांडायची, आवरायची, कोणाच्या कानात काय सांगायचं ते लक्षात ठेवायचं, आणि वर प्रपत्र अ, प्रपत्र ब. बाईंना मी मनातल्या मनात किती वेळा हाक मारली असेल आणि ती कुठल्या सुरात, ते सांगत नाही.

परीक्षेच्या आधी एकदा शाळेच्या फळ्यावर ग्रामपंचायतीची सूचना लागली होती. दर्शनाची आई रानातून येताना थांबली. "काय लिवलाय गो?" दर्शनाने दप्तरातून खिडकी काढली, टाचा उंचावून कागदावर टेकवली आणि एकेक ओळ खाली सरकवत सगळी सूचना वाचली. डोक्यावर भारा घेऊन आई उभीच्या उभी. सगळं झाल्यावर दर्शना म्हणाली, "दोन दिस पानी नाय येनार. पाइप फुटलाय." आई म्हणाली, "बरा झाला वाचलास. चल बिगी, भरून ठेवू." आणि दोघी निघून गेल्या.

मी तिथल्या तिथे बाईंना फोन लावला. सगळं सांगितलं.

"खिडकी लावून की बिनखिडकीची?" बाईंनी विचारलं.

"लावून."

"बरं. काढून घेऊ नका." आणि फोन ठेवला. मला अजून बोलायचं होतं. पेनाबद्दल बोलायचं होतं. पुन्हा लावला तर उचलला नाही.

यंदा मार्चमध्ये एका लग्नाला नाते गावी गेलो होतो. परतताना गावाबाहेरच्या मैदानाशी कोणीतरी जोरजोरात ओरडत होतं म्हणून मोटरसायकल थांबवली. वीस-बावीस वर्षांची एक मुलगी होती, आणि स्कूटरवर उतेकरबाई. निवृत्त झाल्यावर बाई स्कूटर शिकत होत्या. साडी खोचलेली, केस पार पांढरे.

"मावशी, मी सांगते तसं करा ना! सगळे असेच शिकतात."

"सगळे शिकत असतील. मला असं नाय कळत. गाडी बंद कर आधी. आणि तू बोलू नको, नुसतं मागे धर."

मुलीने कपाळावर हात मारला. मला तिची फार दया आली. बाई बंद गाडीवर बसून कितीतरी वेळ ब्रेक दाबत राहिल्या. डावा, उजवा, दोन्ही, परत डावा. डोळे मिटून दाबला, उघडून दाबला. मग मान हलवली. मुलीने चावी फिरवली.

स्कूटर निघाली. दोन्ही पाय बाजूंना लोंबकळत, हँडल थरथरत, बाई मैदानाच्या कडेने येत होत्या. मुलगी मागे धावता धावता केव्हाच सुटली होती, ते बाईंना माहीत नव्हतं. मी हात वर केला. त्यांनी मला बघितलं, ओळखलं, आणि सगळा जीव काढून ओरडल्या,

"अहो सर, बाजूला व्हा! मला अजून वळवता येत नाय!"

मी मोटरसायकल मागे रेटत तिच्यासकट गटारात उतरलो. त्या समोरून गेल्या.